दसऱ्याची खरेदी : मोबाईल घ्यावा की टॅब?

साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून विजयादशमीस नवी वस्तू घरी आणण्याची आपली परंपरा जुनी आहे. पूर्वी या दिवशी भांडे, वस्त्र अथवा गुंजभर सोने येई. आता भोर, नसरापूर वा वेल्हे येथील दुकानांतून बहुधा स्मार्टफोन येतो. त्यास हळदकुंकू व झेंडूचे फूल वाहतात. त्यात वावगे काही नाही, कारण औजार आणि ग्रंथ यांच्या पूजनाचाच हा दिवस होय. परंतु पूजनापूर्वी साधन योग्य निवडले आहे काय, याचा विचार गृहस्थाने अवश्य करावा. आपल्याकडे दसऱ्यास भात अजून शेतात उभे असते. मग ही खरेदी पुष्कळदा हप्त्यांवर होते आणि तिचा भार वर्षभर संसारावर राहतो.

शास्त्रग्रंथाच्या आरंभी अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन हे चार अनुबंध सांगण्याची रीत आहे. हेच चार प्रश्न दुकानाच्या पायरीवर स्वतःस विचारावेत.

प्रथम अधिकारी, म्हणजे वस्तू कोणासाठी? साडेसहा इंची मोबाईलच्या तुलनेत अकरा इंची टॅबच्या पडद्याचे क्षेत्रफळ तिपटीहून अधिक भरते. ज्यांची दृष्टी मंदावली आहे अशा आजी-आजोबांस पारायणासाठी, किंवा पाठ्यपुस्तक वाचणाऱ्या विद्यार्थ्यास, टॅबच सुखकर. शेतावर, गोठ्यात वा एस.टी.च्या प्रवासात असणाऱ्यास मात्र खिशात मावणारा मोबाईलच हवा.

दुसरा विषय, म्हणजे काम कोणते? कीर्तनाच्या निमित्ताने मी दोन्ही साधने वापरतो. आडव्या पोथीची छायाचित्रित पाने आडव्या धरलेल्या टॅबवर नेमकी बसतात. मोबाईलवर तेच पान सरकवीत राहावे लागते. शिवाय सिमकार्ड नसलेला टॅब ऐन पूर्वरंगात खणखणत नाही, हा लाभ श्रोत्यांनाही मान्य व्हावा! याउलट यू.पी.आय.ने पैसे देण्याची सोय सिमकार्डाशी बांधलेली असते. केवळ वायफायवर चालणारा टॅब तेथे उपयोगी पडत नाही. खरेदीपूर्वी दुकानातच ‘कार्त्स्न्य’ आणि ‘दसऱ्याच्या’ हे दोन शब्द लिहून पाहावेत. जोडाक्षरे फुटली, तर ते यंत्र संस्कृत-मराठी वाचकाच्या कामाचे नव्हे.

तिसरा संबंध, म्हणजे साधनाचा आपल्या गावाशी मेळ. राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली ज्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, तो वेल्हे तालुका तोरणा-राजगडच्या डोंगरांनी वेढलेला आहे. तेथील दऱ्यांत, तसेच भाटघर वा पानशेतच्या जलाशयाकाठी, एका कंपनीचा सिग्नल मिळतो तेथे दुसरीचा मिळेलच असे नाही. म्हणून दोन सिमकार्डांचा मोबाईल घेऊन ती दोन निरनिराळ्या कंपन्यांची ठेवावीत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचा आरंभ झाला खरा. तथापि तिच्या ३५०० मेगाहर्ट्झसारख्या उच्च लहरी डोंगराआड फारशा पोहोचत नाहीत, ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक दूर जातात. तेव्हा केवळ ‘फाइव्ह-जी’ या अक्षरांसाठी अधिक पैसे मोजण्यापूर्वी आपल्या गावी काय पोहोचते, ते शेजाऱ्यास विचारावे. पावसाळा विसरू नये. पेटीवर ‘आय.पी. ६७’ असे असेल, तर धुळीपासून पूर्ण संरक्षण आणि एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास बचाव, एवढा त्याचा अर्थ. स्वस्त टॅबमध्ये हे संरक्षण सहसा नसते.

चौथे प्रयोजन, म्हणजे दिलेल्या पैशाचे फळ किती काळ मिळेल? यंत्र धडधाकट असूनही सुरक्षेची अद्ययावतता थांबली, की त्यावर बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे ठरते. गूगलने २०२३ साली आपल्या ‘पिक्सेल ८’साठी आणि सॅमसंगने २०२४ साली ‘एस २४’ मालिकेसाठी सात वर्षांचे आश्वासन दिले. ॲपलने २०१८च्या आयफोनलाही २०२४ची नवी प्रणाली दिली. ही यंत्रे महाग आहेत. स्वस्त यंत्रांस हा काळ पुष्कळदा कमी असतो. तो काळ यंत्र बाजारात आल्यापासून मोजला जातो, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. म्हणून सणाच्या सवलतीत मिळणारे दोन वर्षांपूर्वीचे यंत्र दिसते तितके स्वस्त नसते. ‘बिनव्याजी हप्त्यां’विषयीही सावध असावे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना बजावले होते. रोखीची किंमत आणि हप्त्यांची बेरीज दोन्ही कागदावर मांडून पाहावी.

तात्पर्य, एकच वस्तू घ्यावयाची असेल तर डोंगरी गावातील कुटुंबाने दोन सिमकार्डांचा, टिकाऊ, मध्यम किमतीचा मोबाईल घ्यावा. रात्री-अपरात्री ११२ क्रमांकावर साह्य मागण्याची वेळ आली, तर तोच हाताशी हवा. घरात वाचणारी मुले वा वृद्ध असतील आणि ऐपत असेल, तर पुढील वर्षी साधा वायफाय टॅब आणावा. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तो उत्तम चालतो. दोन्ही कामे एकाच महागड्या यंत्राकडून करून घेण्याच्या हव्यासापेक्षा हा मार्ग बहुधा स्वस्त पडतो.

मुहूर्त पुढील वर्षीही येणार आहे. यंदा निश्चय झाला नसेल, तर आपट्याचे पान देऊन-घेऊन सण आनंदाने साजरा करावा. सर्व वाचकांस विजयादशमीच्या शुभेच्छा.