खोडरबर, शिसपेन्सिल आणि ग्राफिक्स कार्ड

संगणक तोच ठेवून त्याचा एखादाच भाग बदलायचा आणि नव्या खेळांसाठी तो पुन्हा लायक करायचा, याला बाजारात ‘अपग्रेड’ म्हणतात. मराठीत त्याला वेगळा शब्द रुजला नाही. दुकानदार, गिऱ्हाईक आणि घरी येऊन संगणक जोडून देणारा असेंबलर, तिघांचेही याच शब्दावर भागत असे. ३ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशियल’ या नावाने किरकोळ गिऱ्हाइकांना रॅम आणि एसएसडी विकण्याचा आपला २९ वर्षांचा व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. माल फेब्रुवारी २०२६ पर्यंत मिळेल, त्यानंतर कंपनीचा भर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांवर राहील, असा निवेदनाचा आशय होता. गिऱ्हाईक मिळेना म्हणून हे दुकान बंद झाले नाही. मोठे गिऱ्हाईक मिळाले, म्हणून लहानाला रजा दिली गेली. अपग्रेडची सारी कहाणी या लहान गिऱ्हाइकाच्या चढउताराची कहाणी आहे.

तिची पहिली पंधरा वर्षे चटकन उरकता येतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये मदरबोर्डवर पाच स्लॉट होते आणि इतरांनाही त्यांत बसणारी कार्डे बनवता यावीत म्हणून त्यांचा तांत्रिक तपशील छापून खुला केलेला होता. पुढचे सारे या मोकळ्या सांध्यावर उभे राहिले. मात्र बराच काळ त्या स्लॉटांत जी कार्डे बसली, ती बहुतेक कचेरीच्या कामाची होती. १९९३ चा ‘डूम’ हा खेळ ४ एमबी रॅमवर चाले. १९९६ च्या ‘क्वेक’ला पेंटियमची अपूर्णांकी गणिताची ताकद लागली. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्स कंपनीच्या चिपवर बनलेली व्हूडू कार्डे बाजारात आली. व्हूडूला फक्त त्रिमितीय चित्र काढता येई, म्हणून जुने कार्ड जागेवरच ठेवून एका आखूड केबलने त्याचे चित्र व्हूडूतून मॉनिटरकडे न्यावे लागे. केवळ खेळासाठी वेगळा भाग विकत घेण्याची सवय तिथून लागली.

ज्याला अपग्रेडचे दशक म्हणावे, ते १९९८ पासून २००८ पर्यंतचे. त्याची सुरुवात इंटेलच्या एका स्वस्त प्रोसेसरने झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये १४९ डॉलरला आलेला सेलेरॉन ३०० ए हा ६६ मेगाहर्ट्झच्या बसवर, म्हणजे बोर्डाशी जोडणाऱ्या मार्गाच्या वेगावर, साडेचारच्या गुणकाने, ३०० मेगाहर्ट्झवर चाले. गुणक कंपनीने कुलूपबंद केला होता, बस मात्र मोकळी होती. बस १०० वर नेली की तोच प्रोसेसर ४५० वर चाले आणि बहुतेक खेळांत ६६९ डॉलरच्या पेंटियम टू ४५० च्या जवळपास पोहोचे. मदरबोर्डमध्ये ती सोय नसेल, तर प्रोसेसरच्या पट्टीवरचा बी-२१ हा एक संपर्कबिंदू चिकटपट्टीने झाकायचा. बोर्डाची समजूत होई की बस १०० ची आहे. २००० मध्ये एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनने याच्याही पुढची मजा दाखवली. या प्रोसेसरांच्या पाठीवर सोनेरी ठिपक्यांच्या छोट्या जोड्या होत्या. त्या शिसपेन्सिलीने गिरवून जोडल्या की ग्राफाइटमधून वीज जाई आणि गुणकाचे कुलूप उघडे. पुढच्या वर्षीच्या अ‍ॅथलॉन एक्सपीत कंपनीने ठिपक्यांच्या मधोमध लेसरने खड्डे पाडून पेन्सिलीचा इलाज संपवला.

चिकटपट्टी आणि शिसपेन्सिलीनंतर कंपासपेटीतली तिसरी वस्तू खोडरबर. मुंबई-कोकणच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर पुट चढते आणि एके सकाळी संगणक पडद्यावर काहीच न आणता नुसता लांब बीप देतो. असेंबलर येई, कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढी, रॅमच्या दोन्ही टोकांचे पांढरे खटके दाबून स्टिक उपसे, दातांवर दोन्ही बाजूंनी खोडरबर घासे, एक फुंकर मारी आणि ‘खट्’ आवाज येईपर्यंत स्टिक परत दाबून बसवी. संगणक सुरू होई. शेजारी उभा असलेला घरातला मुलगा हे एकदा पाहून शिके आणि पुढच्या वेळी असेंबलरला फोन जात नसे. सुटा होणारा भाग दुरुस्तही होऊ शकतो, हा त्या पिढीचा पहिला तांत्रिक धडा होता.

महाराष्ट्रात या दशकाला बळ दिले ते आयातशुल्काने. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि संगणकाच्या सुट्या भागांवरील शुल्क उतरत उतरत २००५ पर्यंत शून्यावर आले. माल उतरण्याची जागा ठरलेली होती, मुंबईत ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेचा लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री तो कधीचाच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण गिऱ्हाइकाच्या तोंडी १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचेच नाव राहिले. हा मुळात रेडिओच्या सुट्या भागांचा बाजार. पुण्यात तीच जागा बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीच्या आसपास होती.

तिथला व्यवहार कोटेशनवर चाले. दुकानदार चिठ्ठीवर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, एसएमपीएससकट (वीजपुरवठ्याच्या डब्यासकट) कॅबिनेट असे एकाखाली एक लिहून पुढे आकडे टाकी. ‘भाव आजचा आहे, उद्याचा सांगता येणार नाही’ हे वाक्य डॉलरच्या दरामुळे खरेही असे आणि घासाघीस मोडायला सोयीचेही. ती चिठ्ठी घेऊन गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. बोलणी शेवटी पक्क्या बिलावर आणि बिनबिलाच्या भावावर येऊन थांबत. वॉरंटी कोणाची, कंपनीची की दुकानाची, हा प्रश्न भाग बिघडल्यावरच विचारला जाई. काढलेला भागही वाया जात नसे. मोठ्या भावाच्या संगणकातून निघालेली २५६ एमबीची स्टिक गावाकडच्या चुलतभावाकडे जाई आणि त्याच्याकडची १२८ ची आणखी कोणाकडे. एका अपग्रेडवर अशी तीन घरे पुढे सरकत.

गिऱ्हाईक त्या काळी ज्या खेळांसाठी हे करी, त्यांचे सर्वांत मोठे वर्ष २००४. मार्चमध्ये ‘फार क्राय’, ऑगस्टमध्ये ‘डूम ३’ आणि नोव्हेंबरमध्ये ‘हाफ-लाइफ २’ आले आणि आदल्या वर्षीचे बहुतेक संगणक एका दमात म्हातारे झाले. याच वर्षी सांधाही बदलला. ग्राफिक्स कार्डाच्या एजीपी स्लॉटची जागा पीसीआय एक्स्प्रेसने घेतली, इंटेलने प्रोसेसरसाठी सॉकेट ७७५ आणले आणि सोबत डीडीआर-२ रॅम आली. आता नवे कार्ड घ्यायचे तर नवा बोर्ड, बोर्डासाठी नवा प्रोसेसर आणि त्यासाठी नवी रॅम, असे लोढणे गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडले. या अडचणीत कामाला आली तैवानची अ‍ॅसरॉक ही कंपनी. तिच्या ७७५ ड्युअल-व्हीएसटीए या बोर्डावर एजीपी आणि पीसीआय एक्स्प्रेस, डीडीआर आणि डीडीआर-२ अशी दोन्ही पिढ्यांची सोय होती आणि त्यावर पेंटियम फोरही बसे, कोअर टू ड्युओही. जुने एकेक करून बदलण्याची मुभा त्या बोर्डाने दिली. मोठ्या कंपन्यांना ते जमले नाही असे नाही, त्यांनी ते केले नाही.

‘हाफ-लाइफ २’ने दुसरेही एक कुलूप आणले. खेळाची चकती पैसे देऊन घेतली, तरी ‘स्टीम’ या सेवेवर खाते उघडून इंटरनेटवरून मंजुरी घेतल्याशिवाय तो सुरू होत नसे. बीएसएनएलची डेटावन ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली आणि तिचा सुरुवातीचा वेग २५६ केबीपीएस होता. डायल-अपवर बसलेल्या गिऱ्हाइकाने पायरेटेड चकतीचा रस्ता धरला, तो नुसता पैशांसाठी नव्हे.

या दशकाचे गोडवे गाताना त्याच्या खोडीही मांडायला हव्यात. कॅबिनेटसोबत जवळजवळ फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ४०० वॉट छापलेले असे, प्रत्यक्षात त्याच्या निम्म्या भारालाच तो गुदमरे. त्या वर्षांत महाराष्ट्रात लोडशेडिंग जोरात होते. वीज परत येतानाच्या झटक्याने असा एसएमपीएस जळे आणि जाताना बोर्डालाही घेऊन जाई. दर दोन वर्षांनी जुनी ठरणारी कार्डे अखेर भंगारातच जात. तरीही त्या व्यवस्थेत एक न्याय होता. खेळणारे गिऱ्हाईक ग्राफिक्स कंपन्यांचे मुख्य गिऱ्हाईक होते आणि त्याला नाराज करणे त्यांना परवडत नव्हते. नोव्हेंबर २००६ मध्ये ८८०० जीटीएक्स हे कार्ड ५९९ डॉलरला विकणाऱ्या एनव्हिडियाने पुढच्याच ऑक्टोबरात त्याच्या जवळ जाणारे ८८०० जीटी साधारण २५० डॉलरला आणले. दोन आठवड्यांनी ‘क्रायसिस’ हा खेळ आला आणि या कार्डालाही घाम फुटला, पण अकरा महिन्यांत निम्म्याहून कमी झालेली ती किंमत या बाजाराने पुन्हा क्वचितच पाहिली.

पुढच्या दशकाबद्दल सांगण्यासारखे थोडेच आहे, आणि त्यातले बरेचसे कुलपांबद्दलच आहे. जानेवारी २०११ च्या सँडी ब्रिज पिढीत इंटेलने बसचा वेग जवळजवळ गोठवला. वेग वाढवण्याची मुभा ‘के’ अक्षराच्या महाग प्रोसेसरपुरती उरली. चिकटपट्टीने फुकट होणारे काम आता किमतीत धरले गेले. २०१७ मध्ये इंटेलच्या आठव्या पिढीला सॉकेट जुनेच, ११५१, मिळाले, पण जुन्या बोर्डांवर ती चालणार नाही असे ठरले. सॉकेट जुळत होते, परवानगी जुळत नव्हती. एएमडीने त्याच वर्षी रायझनसाठी एएम-४ सॉकेट बाजारात मांडले आणि ते दीर्घकाळ टिकवण्याचा शब्द दिला. मे २०२० मध्ये नवे प्रोसेसर बी-४५० बोर्डांवर चालणार नाहीत, असे सांगून ती कंपनीही शब्द फिरवू लागली होती, पण गिऱ्हाइकांनी आरडाओरडा केल्यावर तिने माघार घेतली. पुढे एप्रिल २०२२ चा ५८०० एक्स-थ्रीडी हा प्रोसेसर पाच वर्षे जुन्या बोर्डांवरही बसू शकला. गिऱ्हाइकाच्या आवाजाने एवढे मोठे काम केल्याची अलीकडची नोंद हीच.

त्यानंतर तो आवाज पोहोचेनासा का झाला, याचे उत्तर एनव्हिडियाच्या ताळेबंदात आहे. जानेवारी २०२२ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीला खेळांच्या विभागातून सुमारे १२.५ अब्ज डॉलर मिळाले, डेटा सेंटरमधून १०.६ अब्ज. तीन वर्षांनी खेळांचा आकडा ११.४ अब्जांवर होता आणि डेटा सेंटरचा ११५ अब्जांवर. खेळणारे गिऱ्हाईक फारसे कमी झाले नाही, ते क्षुल्लक झाले. मधल्या काळात क्रिप्टो चलनाच्या खाणकामाने २०१७-१८ आणि २०२०-२१ असे दोनदा बाजार रिकामा करून दाखवला होता. कार्ड दुकानात नसले तरी कंपनी बुडत नाही, हे तेव्हाच सिद्ध झाले. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे सर्वांत वरचे घरगुती कार्ड १,९९९ डॉलरला आले. भारतीय गिऱ्हाइकासाठी त्यात रुपयाची घसरण मिळवावी लागते. २००५ मध्ये ४४ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर डिसेंबर २०२५ मध्ये ९० ओलांडून गेला. त्यावर १८ टक्के जीएसटी.

रॅमचे दुखणे वेगळे आहे. जगातील बहुतेक डीरॅम, म्हणजे रॅमच्या चिपा, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांना लागणारी एचबीएम ही थरावर थर रचलेली मेमरी असते. तेवढ्याच क्षमतेच्या डीडीआर-५ च्या तुलनेत तिला सुमारे तिप्पट सिलिकॉन लागते. कारखाने तेच, त्यामुळे एकीकडचे वाढले की दुसरीकडचे आटते. २०२५ च्या अखेरच्या तिमाहीत रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले ते यामुळे.

रॅम बोर्डावरच सोल्डर करून हा सांधा बुजवण्यामागे भौतिकशास्त्राचेही कारण आहे, हे मान्य करावे लागते. मेमरीचा वेग वाढला की प्रोसेसर आणि रॅम यांच्यातले काही सेंटिमीटरही जड होतात आणि स्लॉटच्या जोडणीत संदेश क्षीण होतो. सहज दुरुस्त होणाऱ्या लॅपटॉपसाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रेमवर्क कंपनीने २०२५ मध्ये आपला पहिला डेस्कटॉप आणला, तोही रॅम सोल्डर करून. सुटी रॅम या डेस्कटॉपच्या प्रोसेसरसोबत चालवता येत नाही, असे कंपनीने सांगितले. एलपीकॅम-२ सारखे स्क्रूने बसणारे नवे मॉड्यूल हा मधला मार्ग आहे, पण तो अजून रुळलेला नाही. जुन्या यंत्रांची वाट सॉफ्टवेअरनेही अडवली आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे प्रोसेसर, थोडे अपवाद सोडता, अधिकृतपणे स्वीकारत नाही.

डेस्कटॉपवर आज ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, एसएमपीएस आणि बहुतेक ठिकाणी रॅम अजून सुटे होतात. एएम-५ सॉकेट किमान २०२७ पर्यंत चालवण्याचे एएमडीचे आश्वासन आहे. तोवर निदान एका बाजूचा रस्ता मोकळा राहील. बाजाराची दिशा मात्र जुन्या मालाच्या भावावरून कळते. १९९८ ते २००८ या काळात दुकानाबाहेर पडलेली रॅम बहुतेकदा स्वस्तच होत जाई, म्हणूनच ती चुलतभावाला देऊन टाकणे परवडे. २०२५ च्या मध्यावर घेतलेली रॅम वर्षअखेर वापरलेल्या अवस्थेतही खरेदीपेक्षा चढ्या भावाने विकली जाऊ लागली. खोडरबरने साफ केलेली जुनी स्टिक आता कोणी कोणाला सहज देत नाही.