वापर संपतो, जबाबदारी नाही

तुमच्या संशोधनात किरणोत्सारी स्रोत लागणार असेल, तर एईआरबीशी, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाशी, तुमची गाठ पडणारच. १९८३ साली स्थापन झालेल्या या मंडळाचं मुख्यालय मुंबईत आहे. अनेकांना ते फक्त परवाना देणारं ऑफिस वाटतं. पण स्रोत निकाली काढायलाही त्याची परवानगी लागते. असं का?

१९८५ पासून वापराविना पडलेलं एक गॅमा किरणांचं यंत्र दिल्ली विद्यापीठाने २०१० मध्ये भंगारात विकलं. आत कोबाल्ट-६० होतं. मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडलं गेलं. एका माणसाचा जीव गेला, आणखी काहीजण आजारी पडले.

आता गणित करून बघा. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षं. २५ वर्षांत साधारण पावणेपाच अर्धायुकाल होतात, म्हणजे मूळ किरणोत्साराचा जेमतेम सत्ताविसावा भाग उरतो. तेवढाही जीवघेणा ठरला!

म्हणून लॅबमध्ये रुजू झालात की तिथल्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला आधी विचारा: वापरात नसलेले स्रोत कोणते, आणि त्यांची नोंद कुठे आहे? ‘जुनं आहे, त्याला काय होतंय’ हे त्याचं उत्तर नव्हे.