पिकलेलं ‘कच्चं लिंबू’

लहानपणी लपाछपी खेळताना कुणाचा तरी धाकटा भाऊ मागे लागायचा. मग त्याला ‘कच्चं लिंबू’ करून खेळात घ्यायचं. त्याच्यावर राज्य यायचं नाही. तोही खूश, आपणही खूश. आता समजा, दहावीतला एखादा धिप्पाड मुलगा येऊन म्हणाला, ‘मी पण कच्चं लिंबू!’ तर? अमेरिकेतल्या हौशी पूल लीगमध्ये नेमकं हेच चालतं. तिथे त्याला ‘सँडबॅगिंग’ म्हणतात. मी ते जवळून पाहिलंय. खरं सांगायचं तर केलंयसुद्धा. ते पुढे येईलच.

मी २००६ साली एमएस करायला तिकडे गेलो. हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये चार वर्षं कॅरम घासलेला, त्यामुळे अँगल डोळ्यांत बसलेले. लॅबमधल्या एका मित्राने पूलच्या टेबलाशी नेलं आणि महिन्याभरात मी त्याच्या टीममध्ये होतो.

‘एट बॉल’ हा खेळ सोपा आहे. एकाने १ ते ७ नंबरचे बॉल पॉकेटमध्ये घालायचे, दुसऱ्याने ९ ते १५. आपले संपले की शेवटी काळा, ८ नंबरचा. काळा आधीच गेला तर गेम गेला!

आता या लीगमध्ये कोण खेळतं? दिवसभर काम करून आलेले प्लंबर, नर्स, मास्तर, रिटायर्ड माणसं. कोणी तरबेज, कोणी नवशिके. सरळ सामने लावले तर नवशिके दोन आठवड्यांत घरी बसतील. म्हणून हँडिकॅप. १९७९ साली टेरी बेल आणि लॅरी हबर्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी सुरू केलेली अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन ही यातली सर्वांत मोठी संस्था. तिच्या पद्धतीचं नाव ‘इक्वलायझर’. एट बॉलमध्ये प्रत्येकाला २ ते ७ अशी पातळी मिळते. ७ चा खेळाडू २ च्या समोर आला तर पहिल्याने ७ गेम जिंकायचे, दुसऱ्याने फक्त २. म्हणजे आजोबाही उस्तादाला हरवू शकतात!

ही पातळी ठरते कशी? दोघांची एकेक पाळी झाली की एक इनिंग. जिंकायला जितक्या कमी इनिंग लागतात, तितका खेळाडू पक्का. पण कधीकधी खेळाडू बॉल घालायचा प्रयत्नच करत नाही, समोरच्याला अडचणीत टाकणारा बचावाचा फटका मारतो. तो स्कोअरशीटवर वेगळा लिहितात आणि हिशेबात त्याची इनिंग वजा होते. पूर्ण सूत्र संस्था उघड करत नाही, पण गाभा हाच.

आता गंमत पाहा. टीममधले ५ जण एका रात्री खेळतात आणि त्यांच्या पातळ्यांची बेरीज २३ च्या वर जाता कामा नये. सरासरी ४.६! दोन ७ वाले घेतले की उरलेल्या तिघांना मिळून ९ उरतात, म्हणजे प्रत्येकी ३. तेव्हा खेळ ५ चा आणि कागदावर ३, असा माणूस म्हणजे सोन्याची खाण. शिवाय वर लास व्हेगासची मोठी स्पर्धा खुणावत असते.

मग युक्त्या निघतात. गेम हातात आला की दोन-तीन सोपे बॉल मुद्दाम चुकवायचे, म्हणजे जिंकूनही इनिंग वाढतात. बिनमहत्त्वाचा सामना सोडून द्यायचा. किंवा बचावाचे फटके लिहायचेच ‘विसरायचे’.

व्यवस्थाही झोपलेली नसते. दोन्ही टीम स्वतंत्र स्कोअरशीट ठेवतात. अलीकडच्या सामन्यांतली चांगली कामगिरी तेवढीच हिशेबात धरतात, त्यामुळे मुद्दाम खराब खेळलेले सामने गळून पडतात. मुद्दाम चुकवलेला फटका बचावाचा म्हणून लिहावा असा नियम आहे. मोठ्या स्पर्धेत कोणी पातळीच्या फारच वर खेळला तर टीम बाद होऊ शकते. पण चुकलं की चुकवलं, हे कोणी ठरवायचं? हेतू मोजणारा मीटर अजून निघालेला नाही!

‘फार्गो रेटिंग’ नावाची दुसरी पद्धत इनिंग मोजतच नाही. कोण कोणाविरुद्ध किती गेम जिंकला, एवढंच पाहते. १०० गुणांचा फरक म्हणजे वरचढ खेळाडू २ गेम जिंकेल तेव्हा दुसरा १. इथे इनिंग वाढवून फायदा नाही, खरोखर हरावं लागतं. तरी हरायची तयारी असलेल्याला कोण अडवणार?

तर माझी गोष्ट. माझी पातळी ४ होती आणि खेळ सुधारत होता. आमची बेरीज बरोब्बर २३. ७, ५, ४, ४, ३. मी ५ झालो की २४! एका रात्री कॅप्टन कानाशी येऊन म्हणाला, ‘घाई करू नकोस.’ अर्थ कळला. समोर एक म्हातारा ट्रक ड्रायव्हर होता, पातळी २. मी चार सोपे बॉल चुकवले आणि शेवटी जिंकलो. म्हातारा हसत हसत हात मिळवायला आला. म्हणाला, ‘आज तुला चांगलाच घाम फोडला. घरी जाऊन बायकोला सांगतो!’

मला त्याच्या डोळ्यांत बघवेना. सामना मी जिंकलो होतो, पण त्याला स्वतःचा खेळ किती सुधारलाय हे कळायचा हक्क होता, तो मी चोरला होता. पुढच्या आठवड्यापासून सरळ खेळलो. महिन्याभरात ५ झालो आणि काही रात्री बाकावर बसलो. कॅप्टन बरेच दिवस नीट बोलला नाही.

मित्रांनो, इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आपण शिकतो की मोजमापाने मोजल्या जाणाऱ्या वस्तूवर परिणाम होऊ नये. इथे तर वस्तूच मीटरचा काटा धरून बसते! आणि हे फक्त पूलमध्येच होतं असं नाही. आधी उत्तर, मग रीडिंग असं जर्नल आपण सगळ्यांनीच कधी ना कधी लिहिलंय. मार्क मिळाले, पण त्या प्रयोगात आपल्याला खरंच काय येत होतं, ते कधी कळलंच नाही.

असो. कच्चं लिंबू असण्यात लाज नाही. पिकल्यावर मात्र राज्य घ्यावं!