साउंड कार्ड : आवाज ऐकायचा आहे की साठवायचा?

पालमचा माणूस नवा कॉम्प्युटर घ्यायला निघाला की परभणी किंवा नांदेड गाठतो, नाहीतर घरबसल्या मोबाइलवरून मागवतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड कुठलं, हे प्रश्न ठरलेले असतात. आवाजाची चौकशी करणारा विरळाच. मग मशीन घरी येतं, मुलगा हेडफोन लावून गेम खेळायला बसतो आणि बंदुकीच्या आवाजामागे त्याला एक बारीक किरकिर ऐकू येते. माउस हलवला की किरकिरीचा सूर बदलतो. दुसरीकडे गावातलं भजनी मंडळ हरिपाठ रेकॉर्ड करायला बसतं, तर पखवाजाची थाप फाटते आणि पेटी दबून जाते. दोन्हीकडे कुणीतरी जाणकार सांगतो, ‘चांगलं साउंड कार्ड टाकून घ्या.’

सल्ला एकच असला, तरी दोन्ही गरजा वेगळ्या आहेत. गेम खेळणाऱ्याला कॉम्प्युटरमधला आवाज बाहेर हवा आहे. भजनी मंडळाला बाहेरचा आवाज कॉम्प्युटरच्या आत हवा आहे. साउंड कार्ड निवडताना हा फरक आधी ओळखला, तर निम्मे पैसे वाचतात आणि निराशा जवळपास सगळीच टळते.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेतली थरथर. मायक्रोफोन त्या थरथरीचा विजेचा कमी-जास्त होणारा दाब करतो. कॉम्प्युटरला मात्र आकड्यांखेरीज काही कळत नाही. या दोन्हींच्या मधलं भाषांतर साउंड कार्ड करतं. आत येणाऱ्या विजेचे आकडे करणारा एक भाग त्यात असतो आणि आकड्यांची पुन्हा वीज करून ती स्पीकरकडे पाठवणारा दुसरा.

गोदावरीला पूर आला की काठावर ठराविक वेळाने पाण्याची पातळी मोजून वहीत लिहितात. नोंदी पुरेशा जवळजवळ असतील, तर नंतर त्या वहीवरून पुराचा चढउतार जसाच्या तसा काढता येतो. साउंड कार्ड हेच करतं, फक्त नोंदींचा वेग प्रचंड असतो. १९८२ साली बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीसाठी सेकंदाला ४४,१०० नोंदी हा वेग ठरला. त्याचं कारण आपल्या कानात आहे. निरोगी तरुण कान सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंतची कंपनं ऐकतो आणि कंपनांच्या दुपटीहून जास्त नोंदी घेतल्या की मूळ लहर पुन्हा उभी करता येते.

प्रत्येक नोंद किती बारकाईने घ्यायची, हे बिट सांगतात. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या मिळतात. प्रत्येक बिटमागे साधारण ६ डेसिबल धरले, तर सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. गाणं ऐकायला एवढं भरपूर आहे. खोक्यावर छापलेले १९२ किलोहर्ट्झ आणि ३२ बिट पाहून जास्तीचे पैसे मोजण्याची ऐकणाऱ्याला गरज नाही.

टूं-टूंपासून साउंड ब्लास्टरपर्यंत

१९८१ साली आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात एक छोटा स्पीकर होता. तो एका वेळी एकच सूर काढायचा, तोही टोकदार टूं-टूं. ऑफिसात चूक झाल्याची सूचना द्यायला तेवढं पुरत होतं. गेम आणि संगीताला ते अगदीच तोकडं पडत होतं.

पहिलं मोठं पाऊल कॅनडात पडलं. क्यूबेक शहरातले संगीताचे प्राध्यापक मार्टिन प्रेव्हेल यांच्या अॅडलिब कंपनीने १९८७ मध्ये एक कार्ड आणलं. त्यात यामाहाची चिप होती आणि ती एका वेळी नऊ सूर वाजवायची. त्या चिपमागचं तंत्र जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधलं होतं. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या वेगाने हलवली की त्यातून घंटा, बासरी, पितळी वाद्यं यांच्यासारखे भरगच्च नाद तयार होतात. विद्यापीठाने हे तंत्र यामाहाला दिलं आणि १९८३ च्या डीएक्स-७ कीबोर्डमुळे ते जगभर पोहोचलं.

अॅडलिब कार्ड सूर वाजवत होतं, पण माणसाचा आवाज किंवा स्फोटाचा खरा धमाका त्याला जमत नव्हता. ती उणीव सिंगापूरने भरून काढली. सिम वाँग हू आणि त्यांचे मित्र एन्ग काय वा यांनी १९८१ मध्ये तिथे क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजी सुरू केली. सुरुवात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून झाली. १९८९ मध्ये त्यांनी साउंड ब्लास्टर आणलं. त्यात अॅडलिबचीच चिप होती, त्यामुळे अॅडलिबसाठी लिहिलेले गेम त्यावर जसेच्या तसे चालत. शिवाय रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायची सोय होती, मायक्रोफोन लावायला जागा होती आणि जॉयस्टिकचं पोर्टही त्याच कार्डावर होतं. एका कार्डाच्या पैशात गिऱ्हाइकाची तीन-चार कामं भागत होती. १९९२ मध्ये अॅडलिबचं दिवाळं निघालं आणि त्याच वर्षी साउंड ब्लास्टर १६ ने घरच्या कॉम्प्युटरला सीडीच्या तोडीचा १६ बिटचा आवाज दिला. पुढे कित्येक वर्षं गेमच्या सेटिंगमध्ये ‘साउंड ब्लास्टर कम्पॅटिबल’ हे शब्द ठरलेले होते. सिम वाँग हू जानेवारी २०२३ मध्ये वारले. घरोघरच्या कॉम्प्युटरला आवाज देण्यात त्यांच्याइतका वाटा दुसऱ्या कुणाचा नाही.

मग स्वतंत्र कार्ड मागे का पडलं? १९९७ मध्ये इंटेलने मदरबोर्डवरच आवाजाची सोय बसवण्याचं एक मानक ठरवलं आणि २००४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आणली. तैवानच्या रिअलटेकसारख्या कंपन्यांनी त्यासाठी स्वस्त चिपा पुरवल्या. २००७ च्या विंडोज व्हिस्टाने आवाजाची रचनाच बदलली आणि गुहेतला घुमारा, भिंतीआडचे पावलांचे आवाज हे परिणाम थेट साउंड कार्डावर करून घेण्याची वाट बंद झाली. ते काम प्रोसेसर आणि गेमच करू लागले. आज कुठलाही मदरबोर्ड घ्या, त्यात साउंड कार्ड आलेलंच असतं.

गेम खेळणाऱ्यासाठी

म्हणून गेमसाठी वेगळं कार्ड घेण्यापूर्वी आहे त्याची नीट परीक्षा घ्या. किरकिर येत असेल, तर हेडफोनची पिन कॅबिनेटच्या पुढच्या जागेतून काढून मागच्या हिरव्या जागेत लावून बघा. पुढच्या जागेची वायर मदरबोर्डवरून, ग्राफिक्स कार्डाच्या शेजारून जाते आणि वाटेत विजेचा गोंगाट उचलते. पुष्कळदा एवढ्यानेच आवाज स्वच्छ होतो. मागची गुलाबी जागा माइकची आणि निळी बाहेरून येणाऱ्या लाइनची, हेही लक्षात असू द्या.

तरीही किरकिर राहिली, तर दोन-चारशे रुपयांचा यूएसबी साउंड डोंगल लावून पाहा. कॅबिनेटमधल्या गोंगाटापासून आवाजाचं सर्किट बाहेर काढणं हा त्याचा मुख्य फायदा. स्लॉटमध्ये बसणारं महागडं कार्ड त्यानंतरच्या विचाराचं. ३२ ओहमच्या साध्या हेडफोनला त्याची गरज नसते. २५० किंवा ३०० ओहमचे स्टुडिओ हेडफोन असतील, तर मात्र ताकदवान अॅम्प्लिफायर लागतो.

शत्रूची पावलं कुठल्या बाजूने येताहेत, हे ओळखायला ७.१ चा शिक्का मारलेला हेडसेट लागतोच, असंही नाही. डोकं आणि कानाच्या पाळ्या यांवर आदळून आवाज कसा बदलतो याचं गणित करून अनेक नवे गेम दोनच कानांतून दिशा दाखवतात. हे गणित गेममध्ये चालू असेल, तर हेडसेटचं आभासी ७.१ बंद ठेवा. एकावर एक दोन प्रक्रिया झाल्या की दिशा पुसट होते.

ब्लूटूथ मात्र गेमला टाळा. साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज मागे पडतो, म्हणजे गोळी दिसते आधी आणि ऐकू येते नंतर. त्यातच त्याचा माइक चालू केला, की बहुतेक हेडफोन फोनकॉलच्या दर्जावर उतरतात. वायरचा साधा हेडफोन इथे सरस ठरतो.

रेकॉर्डिंग करणाऱ्यासाठी

आवाज आत घ्यायचा असेल, तर मदरबोर्डवरची गुलाबी जागा कामाची नाही. माइकमधून येणारी वीज फार क्षीण असते, काही मिलिव्होल्टची. ती स्वच्छपणे मोठी करणारा प्रीअँप्लिफायर त्या जागेमागे नसतो. इथे लागतो तो यूएसबी ऑडिओ इंटरफेस. हे कॅबिनेटच्या बाहेर ठेवायचं साउंड कार्डच. त्यावर तीन पिनांच्या एक्सएलआर माइकची जागा, आवाज कमी-जास्त करायची बटणं आणि ४८ व्होल्टचा एक खटका असतो. कंडेन्सर माइकला चालायला ही ४८ व्होल्टची वीज लागते. डायनॅमिक माइकला ती लागत नाही. गावातल्या कार्यक्रमात हातात धरायचा माइक बहुधा डायनॅमिकच असतो, आणि पत्र्याखालच्या, पंख्याच्या आवाजाच्या खोलीत तोच जास्त उपयोगी पडतो, कारण जवळचा आवाज घेऊन तो दूरचा गलका बऱ्यापैकी वगळतो.

दोन माइकचा इंटरफेस मंडळाला सुरुवातीला पुरतो. एक गायकासमोर ठेवा. दुसरा पेटी आणि पखवाज यांच्या मधे, पखवाजापासून जरा लांब. आता पखवाजवाल्याला त्याची सर्वांत जोराची थाप मारायला सांगा आणि लाल दिवा लागेपर्यंत बटण वाढवा. लाल लागला की तिथून बरंच मागे या, इतकं की सॉफ्टवेअरमधला काटा मोठ्या थापेलाही उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल. आवाज कमी वाटेल, पण काळजी नको. २४ बिटमध्ये तो नंतर वाढवता येतो. फाटलेली थाप पुन्हा शिवता येत नाही. रेकॉर्डिंगला २४ बिट घ्यायचे ते यासाठी. वेग ४८,००० ठेवा. या हिशेबाने दोन चॅनेलचं एक तासाचं कीर्तन साधारण एक जीबी जागा घेतं. सॉफ्टवेअर म्हणून फुकट मिळणारं ऑडॅसिटी पुरेसं आहे.

गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू आला, तर ताल सुटतो. कॉम्प्युटर नोंदी गठ्ठ्याने उचलतो, म्हणून हा उशीर होतो. २५६ नोंदींचा गठ्ठा ४८,००० च्या वेगाला सव्वापाच मिलिसेकंद घेतो. तेवढ्या वेळात हवेतला आवाज पावणेदोन मीटरच्या आसपास जातो, म्हणजे शेजारी बसलेल्या टाळकऱ्याचे टाळ ऐकावेत इतपतच फरक. येताना-जाताना मिळून तो याच्या दुपटीहून थोडा जास्त होतो. तोही खटकत असेल, तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबा; कॉम्प्युटरला वळसा न घालता आवाज थेट कानात येतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर जरूर टाका. श्टाइनबेर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणलेली ही व्यवस्था आजही उशीर कमी करायचा खात्रीचा मार्ग आहे.

आधी अर्थिंग

कितीही भारी कार्ड घेतलं आणि घराचं अर्थिंग धड नसलं, तर घूं असा आवाज राहणारच. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घूं थांबत असेल, तर दोष कार्डाचा नाही, विजेचा आहे. कॉम्प्युटर, मिक्सर, अॅम्प्लिफायर एकाच बोर्डवरून चालवा, म्हणजे सगळ्यांचं अर्थिंग एक होतं. घूं घालवायला प्लगची तिसरी पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जिवाला धोका आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं हा आवाजावरचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ खर्च आहे. पत्र्याच्या खोलीत भिंतीला दोन-चार वाकळा टांगल्या की घुमारा कमी होतो, आणि त्याला तर काहीच खर्च नाही.

काय घ्यावं

फक्त गेम आणि गाणी असतील, तर मदरबोर्डवरचं साउंड कार्ड ठेवा आणि वाचलेले पैसे चांगल्या वायरच्या हेडफोनला लावा. किरकिर असेल, तर यूएसबी डोंगल. गायन, कीर्तन, वाद्य रेकॉर्ड करायचं असेल, तर दोन माइकचा इंटरफेस, एक डायनॅमिक माइक आणि साधा स्टँड. हाच इंटरफेस हेडफोनही चांगला वाजवतो, तेव्हा घरात गेम खेळणारा आणि भजन म्हणणारा दोघं असतील, तर एका खरेदीत दोघांचं भागतं.

पालमच्या शेजारचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जात्यावरच्या ओवीशी तिचं नाव कायमचं जोडलेलं आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. त्या ओव्या आज जगात कुठेही ऐकता येतात, कारण कुणीतरी वेळेवर माइक समोर धरला. तेव्हा ते काम संशोधकांचं होतं. आता त्यासाठी लागणारं यंत्र गावातल्या घरात येऊ शकतं. तुमच्या घरी इंटरफेस आला आणि घरात, शेजारात ओव्या येणारी आजी असेल, तर पहिलं रेकॉर्डिंग तिचं करा. फाइलला तिचं नाव, गाव आणि तारीख द्या, आणि एक प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा.