फारिनेल्लींची हाडं काय सांगतात?

इटलीत बोलोन्याच्या चर्तोझा दफनभूमीत १२ जुलै २००६ रोजी कार्लो ब्रोस्की यांची कबर उघडण्यात आली. संगीताचं जग त्यांना ‘फारिनेल्ली’ म्हणून ओळखतं. अठराव्या शतकातल्या इटालियन ऑपेराचे ते सर्वांत नावाजलेले कास्त्रातो, म्हणजे आवाज फुटण्याआधीच वृषण निकामी केलेले पुरुष गायक. सापडलेली हाडं मोडकी होती, तरी बालपणी झालेल्या त्या शस्त्रक्रियेच्या खुणा त्यांवर स्पष्ट होत्या.

मुलगा वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आवाज खालच्या पट्टीत उतरतो. हे संप्रेरक मिळालं नाही तर स्वरयंत्राची ही वाढ होतच नाही. हाडांच्या बाबतीत नेमकं उलट घडतं. पुरुषाच्या शरीरात थोड्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन होतं आणि लांब हाडांच्या टोकांची वाढ तेच थांबवतं. ते अपुरं पडलं की हातपाय वाढत राहतात. छातीही भरदार होते. लहान मुलाचा गळा आणि त्याला हवा पुरवणारी मोठ्या माणसाची फुप्फुसं, असा हा मेळ होता.

फारिनेल्लींची हातापायांची हाडं लांब होती. ७७ वर्षांचं आयुष्य जगूनही वाढीच्या रेषा पूर्ण पुसल्या गेल्या नव्हत्या. हाडं ठिसूळ झाली होती. कपाळाचं हाड आतून जाड झालं होतं. हा बदल एरवी मुख्यतः रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये दिसतो.

पण शस्त्रक्रियेनं फक्त पट्टी राखली. गायक घडवला तो नेपल्समध्ये निकोला पोर्पोरा यांच्या तालमीनं. १७२० मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, फारिनेल्ली श्रोत्यांपुढे आले. दोन वर्षांनी रोममध्ये एका ट्रम्पेटवादकाशी त्यांची दमसासाची चुरस रंगली आणि वादक थकल्यावरही ते ताना घेत राहिले, असं संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी लिहून ठेवलं आहे. १७३४ मध्ये त्यांनी लंडन जिंकलं. १७३७ मध्ये स्पेनच्या राणी एलिझाबेता फार्नेझे यांनी त्यांना माद्रिदला बोलावलं. तीव्र नैराश्यानं ग्रासलेल्या राजा पाचव्या फिलिपसाठी ते रात्री गात राहिले. जाहीर रंगमंचावर पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

हे भाग्य फार थोड्यांचं. चर्चमध्ये स्त्रियांना गायला बंदी होती, म्हणून उंच पट्टीचे पुरुष आवाज हवे होते. पुढे ऑपेरानं त्या आवाजांना पैसा दिला आणि आशेपोटी कितीतरी मुलांवर सुरी चालली. बहुतेकांना कीर्ती लाभली नाही. शरीराचं नुकसान मात्र प्रत्येकाच्या वाट्याला आलं, आणि निर्णय त्या मुलांनी घेतलेला नव्हता.

सिस्टिन चॅपेलचे कास्त्रातो गायक अलेस्सांद्रो मोरेस्की यांचं गाणं १९०२ आणि १९०४ मध्ये ध्वनिमुद्रित झालं. एकट्यानं गाणाऱ्या कास्त्रातोचा तेवढाच आवाज आपल्याकडे उरला आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चच्या गायनवृंदात उंच पट्टी मुलांनीच गावी असा नियम केला.

कास्त्रातोंसाठी लिहिलेल्या भूमिका आज स्त्रिया गातात आणि काउंटरटेनर पुरुषही. या पुरुषांचा आवाज वयात येताना फुटलेला असतो. स्वरतंतूंच्या फक्त कडा कंपित करून वरची पट्टी लावण्याचं तंत्र ते रियाजानं साधतात. त्या गायकीसाठी कोणा मुलाचं शरीर मोडायची गरज नाही, हे ते रोज सिद्ध करत आहेत.