खिशात हात न घालता

"अम्मी, बोअर होतंय" हे वाक्य मे महिन्यात आमच्या घरात दिवसाला किती वेळा ऐकू येतं, ते आम्ही एकदा खरंच मोजायला घेतलं. दुपारच्या जेवणापर्यंत अकरा झाले. मग मोजण्याचाही कंटाळा आला.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्याने आणि त्याच्या दोस्तांनी यावर आपला उपाय काढला होता: टर्फ. जाळीच्या आत, नकली हिरवळीवर, दिव्यांच्या उजेडात तासभर क्रिकेट. तासाचे हजार रुपये, खेळणारे दहा, म्हणजे प्रत्येकी शंभर. पहिल्यांदा आम्ही हसत दिले. आठवड्यातून तीनदा व्हायला लागलं तेव्हा कुरकुरत दिले. आणि मग टोळीतला एक मुलगा यायचा बंद झाला.

बालवाडीपासूनचा दोस्त. आमच्या घरी ईदला शीरखुर्म्याची दुसरी वाटी न मागता उचलणारा. गल्लीतला सगळ्यात चांगला विकेटकीपर. थोरल्याला विचारलं तर म्हणाला, "त्याला आता क्रिकेट आवडत नाही." काही दिवसांनी त्याची अम्मी बाजारात भेटली. म्हणाली, "भाभी, त्याचा गुडघा दुखतोय म्हणे. डॉक्टरला दाखवू म्हटलं तर तेही नको म्हणतो."

गुडघा दुखत नव्हता. हे कळायला आम्हाला महिना लागला, याची लाज वाटली. त्याचे शंभर आपण भरू, असं सुचणं सोपं होतं. थोरल्याने ते करूनही पाहिलं. त्यानंतर तो मुलगा गल्लीतसुद्धा दिसेना.

म्हणून यंदा सुट्टी लागताच आम्ही दोघांनी पोरांसमोर एक अट ठेवली. जे काय करायचं ते सगळ्यांनी मिळून, आणि खिशात हात न घालता. वर्गणी नाही, रिक्षा नाही, येताना आइस्क्रीम नाही. फोन घरी.

पहिला प्रयोग सपशेल फसला. आम्ही रात्री जागून चिठ्ठ्या लिहिल्या, घरभर लपवल्या आणि खजिना शोधायला लावला. नववी-दहावीतली पोरं, त्यांनी आमच्याकडे अशा दयेने पाहिलं, की चिठ्ठ्या आम्हीच गोळा केल्या.

सुटका केली दादीने. तिने अंगणातल्या फरशीवर खडूने एकात एक असे तीन चौकोन काढले, चारी बाजूंचे मध्य रेषांनी जोडले आणि म्हणाली, "नवकंकरी. बसा." एकाकडे नऊ चिंचोके, दुसऱ्याकडे नऊ खडे. रेषा जिथे मिळतात अशा चोवीस जागा. पाळीपाळीने सोंगट्या ठेवायच्या, मग सरकवायच्या. तीन एका ओळीत आल्या की समोरच्याची एक उचलायची. ज्याच्याकडे दोनच उरल्या तो हरला. दिसायला पोरखेळ, पण दादीने तीन दिवस कुणालाही जिंकू दिलं नाही. आमच्या धाकटीने आणि तिच्या मैत्रिणींनी मात्र तिचा डाव ओळखला आणि चौथ्या दिवशी थोरल्याच्या टोळीला एकामागून एक हरवलं. टर्फच्या वर्षी या मुलींना "तुम्ही काय खेळणार?" असं कुणी विचारलंही नव्हतं. आम्हीसुद्धा नाही.

असरनंतर लगोरी. फुटक्या फरशीचे सात तुकडे, रबरी चेंडू. पंचाची गरज नाही, कारण भांडण हा खेळाचाच भाग आहे. शेजारच्या खालांच्या वाळत घातलेल्या चादरीवर चेंडूचा शिक्का उठला तेव्हा चादर धुण्याची शिक्षा सगळ्या टोळीने मिळून भोगली, आणि तीही एक करमणूकच झाली.

एक दिवस मात्र आम्ही मुद्दाम आखला. आम्ही मिरजेचे. सतारमेकर गल्ली आमच्या पोरांनी शेकडो वेळा सायकलवरून ओलांडली होती. आत पाऊल कधी टाकलं नव्हतं. आदल्या दिवशी एका कारखान्यात जाऊन विचारलं. कारागीर चाचा म्हणाले, "पाच-सहाच आणा, आणि हात लावायचा नाही." आत वाळलेले भोपळे टांगलेले, पोरांच्या डोक्यांहून मोठे. ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात आणि कडू असतात, हे ऐकून एकाने लगेच विचारलं, "चाखून पाहिलाय कुणी?" हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात हे काम हाती घेतलं आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला नि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, हे आम्ही सांगितलं ते कुणी ऐकलं नाही. पण चाचांनी तंबोऱ्याची तार छेडली, घोडीवर तारेखाली असलेला सुताचा दोरा केसभर सरकवला आणि पुन्हा छेडली. मघाशी बंद वाटणारा आवाज एकदम उघडला, गुंजत राहिला. पोरं गप्प. "हिला जवारी म्हणतात," चाचा म्हणाले. परतताना अर्धा रस्ता कुणी बोललं नाही, हे आम्ही त्या महिन्यात प्रथमच अनुभवलं.

मिरजेबाहेरच्या वाचकांनी हळहळू नये. मालेगावात माग आहेत, संभाजीनगरात हिमरू विणणारे हात आहेत, कोल्हापुरात चपला शिवणारे आहेत. कामाच्या घाईची वेळ टाळून, आधी विचारून गेलं तर बहुतेक कारागीर नाही म्हणत नाहीत.

रात्र उरली होती, आणि उकाड्याने झोप नव्हतीच. इशानंतर सगळे गच्चीवर. मेमध्ये त्या वेळी उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. शाळेत शिकलेली नावं पोरांनी घडाघडा म्हटली: क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस, वसिष्ठ, मरीची. मग आम्ही त्याच ताऱ्यांची जगभर चालणारी नावं सांगितली, तर ती अरबी निघाली. क्रतू म्हणजे दुभे, अरबीत 'दुब्ब' म्हणजे अस्वल. मरीची म्हणजे अल्कायद, म्हणजे म्होरक्या. वसिष्ठ म्हणजे मिझार, 'मिअजर'वरून, म्हणजे कमरेला गुंडाळायचं वस्त्र. आपल्या 'इजार'चं मूळही तेच, हे कळल्यावर हसणं आवरेना. जुने अरब या सात ताऱ्यांना 'बनात नअश' म्हणत: चार तारे म्हणजे जनाजा, आणि त्यामागे चालणाऱ्या तीन मुली. हे ऐकून धाकटी बराच वेळ तिकडे पाहत राहिली.

क्रतू-पुलहाची रेषा पुढे पाचपट नेली की ध्रुव. तो आपल्याकडून फार वर दिसत नाही. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या तर त्याच्याही खालीच राहतो. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच वाढवत नेली की जवळजवळ डोक्यावर नारिंगी स्वाती, आणि त्यापुढे दक्षिणेकडे चित्रा.

खरी चुरस लागली ती अरुंधतीवर. वसिष्ठाला चिकटून एक अगदी बारीक तारा आहे. अरब त्याला 'सुहा' म्हणत आणि त्यावर नजर पारखत. सगळे डोळे बारीक करून बसले. कुणाला दोन वसिष्ठ दिसले, कुणाला काहीच नाही. थोरला चष्मा पुसून पुसून थकला.

"तो काय, वरच्या अंगाला," मागून आवाज आला. जिन्याच्या दारात तोच विकेटकीपर उभा होता. धाकटी दुपारी त्यांच्या घरी जाऊन सांगून आली होती, की गच्चीवर यायला काही लागत नाही.

त्याने बोट दाखवलं, मग एकेकाला दिसायला लागला. थोरल्याला नाहीच दिसला; तो अजून म्हणतो, की त्या दिवशी ढग होते.

दुसऱ्या दिवशी असरची जमात सुटल्यावर तो फाटकाशी आला, हातात फरशीचा एक चपटा तुकडा. आमच्या सातांतला एक फुटला होता, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. लगोरीत तो जीव खाऊन पळतो. गुडघ्याचं त्याच्या अम्मीने विचारलं नाही, आम्हीही नाही.