अति कोणाचे, माती कोणाची?

‘अति तेथे माती’ ही म्हण आपण मुलांना फराळाच्या ताटावरच शिकवतो. रोमन लोकांकडे याच अर्थाची तीन शब्दांची म्हण होती, ‘ने क्विड निमिस’. मुळात ती ग्रीकांची, डेल्फीच्या देवळावर कोरलेली. लॅटिनमध्ये ती भेटते टेरेन्सच्या ‘आंड्रिया’ या इ. स. पूर्व 166 मधल्या नाटकात, आणि तिथे ती मालकाला ऐकवतो तो गुलामीतून सुटलेला माणूस. स्वतः टेरेन्सही गुलाम म्हणूनच रोममध्ये आला होता.

मध्यममार्गाला सोन्याचे मोल देणारा होरेस हा मुक्त गुलामाचा मुलगा. प्रेमात पडूनही शहाणे राहणे देवालाही अवघड, असे सांगणारा पब्लिलियस सायरस सिरियातून गुलाम म्हणून आणलेला. हा निव्वळ योगायोग मला वाटत नाही. दुसऱ्याच्या अतिरेकाची झळ ज्यांनी सोसली, त्यांना मर्यादेची किंमत आधी कळली. आपल्याकडे मात्र ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ हे बहुतेक वेळा गरिबालाच ऐकावे लागते.

नंदुरबार जिल्ह्यातल्या मणिबेलीला तर हे फार जवळून ऐकावे लागले. अक्कलकुवा तालुक्यातले हे नर्मदाकाठचे आदिवासी गाव सरदार सरोवराच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर. धरणाच्या पाण्याखाली जाणारे महाराष्ट्रातले पहिले गाव हेच. शूलपाणेश्वराचे जुने देऊळही त्याच पाण्यात गेले. 1979 मध्ये नर्मदा पाणी तंटा लवादाने धरणाची पूर्ण जलपातळी 138.68 मीटर ठरवली, आणि पुनर्वसन झाल्याखेरीज कोणाचीही जमीन बुडवायची नाही, अशी अटही घातली. मीटरचा आकडा दोन दशांशांपर्यंत पाळला गेला. अटीच्या वाट्याला तेवढी काटेकोर निष्ठा आली नाही.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला पावसाळ्यात नदी चढू लागली की मणिबेलीत धरणविरोधी आंदोलनातले सत्याग्रही पाण्याच्या काठाशी ठाण मांडून बसत. ‘डूबेंगे, पर हटेंगे नहीं’ ही त्यांची घोषणा. शहरातल्या अनेकांना हा हट्ट वाटला, अतिरेक वाटला. मला ते प्रेम वाटते. शेत, नदी, देवस्थान आणि पूर्वजांची जागा यांच्यावरचे प्रेम मोजूनमापून करता येत नाही, आणि तसे ते करावे अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार बुडवणाऱ्याला नाही. माप पाळायचे होते ते प्रकल्पाने.

जगाने हे थोडेफार ऐकले. 1985 मध्ये 45 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर करणाऱ्या जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये प्रकल्पावर कठोर ताशेरे ओढले. मार्च 1993 मध्ये भारत सरकारने उरलेले कर्ज नाकारले. पुढच्याच वर्षी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देणे थांबवावे, अशी मागणी करणारा जाहीरनामा निघाला. त्यावर 44 देशांतल्या 326 संघटनांच्या सह्या होत्या, आणि त्याचे नाव होते ‘मणिबेली जाहीरनामा’. धरण मात्र थांबले नाही. 2017 मध्ये दरवाजे बंद झाले आणि 2019 मध्ये जलाशय प्रथमच काठोकाठ भरला.

गाव बुडाले तरी त्याची वचने टिकू शकतात, पण कोणी जपली तरच. टेरेन्स आणि सायरस यांची वचने टिकली, कारण ती शाळेत गेली. रोमन मुले ती घोकत, पाटीवर उतरवत. मराठी म्हणींनाही असे जतन लाभले. आल्फ्रेड मॅनवेअरिंग यांचा संग्रह 1899 मध्ये ऑक्सफर्डहून निघाला, पुढे दाते-कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध केला. नर्मदाकाठच्या भिलोरी-पावरी बोलींतली वचने मात्र अजून मुख्यतः तोंडीच आहेत. आंदोलनाने 1990 च्या दशकात सुरू केलेल्या जीवनशाळांनी या बोलींत पुस्तके काढून वाट दाखवली आहे. पण पुनर्वसनामुळे गावे विखुरली, एका पाड्याची माणसे दूरदूरच्या वसाहतींत गेली, आणि जुनी वचने सांगणारी पिढी थकत चालली आहे. नंदुरबार, तळोदा, शहादा इथल्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या प्राध्यापकांना माझी विनंती आहे: या वर्षीच्या प्रकल्पांसाठी विद्यार्थ्यांना वही घेऊन या वसाहतींत पाठवा, आणि आज्या-आजोबांकडून म्हणी त्यांच्याच बोलीत, सांगणाऱ्याच्या गावाच्या नावासह लिहून घ्यायला सांगा.